महाडचा मनाईहुकूम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, संपादक बोलले. मी दहावीच्या उंबरठ्यावरून मागे फिरलेला मनुष्य. कायद्याशी माझी जी काही ओळख झाली ती कारखान्याच्या फाटकावर डकवलेल्या नोटिसा वाचून, आणि मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली जुनी कायद्याची पुस्तके रात्री शब्दकोश शेजारी ठेवून वाचून. पण चालक म्हणाले, "ज्या गोष्टीपायी तुम्ही चार दिवस आत जाऊन आलात, तीच सांगा." यावर नकार द्यायला मला तोंड उरले नाही.

तर विषय असा. न्यायालयाने एखादा हुकूम दिला आणि तो कोणी मोडला, तर त्याला शिक्षा होते. ही शिक्षा देणारा न्यायाधीश पुष्कळदा तोच असतो, ज्याचा हुकूम मोडला गेला. म्हणजे फिर्यादही त्याची आणि निवाडाही त्याचाच. अशा शिक्षेकडे वरचे न्यायालय पुन्हा डोळे उघडून पाहते की नाही, पाहत असेल तर कोणत्या वाटेने, आणि ही वाट कधी व कशी पडली, हे मला आज सांगायचे आहे. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, १९२७ सालच्या डिसेंबरात हा प्रश्न हजारो माणसांपुढे उभा राहिला होता.

चवदार तळ्याची हकिकत आपणांस ठाऊक आहे असे आपण समजतो. मला विचाराल तर तिचा अर्धाच भाग आपणांस ठाऊक असतो. मार्च महिन्याचा भाग सर्वांच्या तोंडी आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा ठराव आणला व तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. मग २० मार्च १९२७ रोजी परिषदेस जमलेले लोक डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर झालेली मारहाण, तळ्याचे 'शुद्धीकरण', हेही आपण ऐकले आहे. ऑगस्टात त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. ठराव करायला धैर्य लागले नव्हते, मागे घ्यायलाही लागले नाही.

डिसेंबरचा भाग मात्र आपण घाईने उरकतो. मनुस्मृतीचे दहन सांगतो आणि थांबतो. वास्तविक परिषद बोलावली होती ती तळ्यावर पुन्हा जाण्यासाठी. परिषद २५ डिसेंबरला भरणार होती. त्याच्या आधी, १२ डिसेंबरला, महाडच्या काही सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. दावा क्रमांक ४०५, सन १९२७. प्रतिवादी डॉ. आंबेडकर, त्यांचे सहकारी सीताराम नामदेव शिवतरकर आणि आणखी काही जण. परंतु दाव्याची मांडणी पाहा. या थोड्या माणसांना सगळ्या अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी ठरवून दावा आणला होता. म्हणजे हुकूम निघाला की तो चार-पाच जणांपुरता राहू नये, समाजातल्या प्रत्येक माणसावर बसावा, अशी योजना. आणि हुकूम निघालाही, दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तळ्यावर जाऊ नये आणि पाणी घेऊ नये, असा तो तात्पुरता मनाईहुकूम होता.

२४ डिसेंबरला मुंबईहून मंडळी आगबोटीने निघाली. बोटीचे नाव पद्मावती. हरिहरेश्वराच्या बाजूने खाडीत शिरून दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदराला लागली आणि तिथून पाच मैलांवरच्या महाडला चालत गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा प्रवास डोळ्यांपुढे आणायला सांगावे लागत नाही. भर पौषाची थंडी, बोटीवर दोनेकशे माणसे, आणि पुढाऱ्याच्या खिशात मनाईहुकूम. परिषदेला कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तिथे मांडवात सत्याग्रहासाठी नावे नोंदवली गेली ती साडेतीन हजारांहून अधिक. ही माणसे भाकरतुकडा बांधून, घरी निरोप घेऊन आली होती. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः येऊन बोलले, की न्यायालयाचा हुकूम मोडू नका. सभेत भाषणे झाली, बहुतेकांचे म्हणणे जाऊच असे होते. आणि २७ तारखेला बाबासाहेबांनी सत्याग्रह तूर्त तहकूब करावा असा विचार मांडला आणि सभेने तो मान्य केला. मग मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली.

तरुणपणी मला हे पचत नसे. आम्ही रक्ताचे पाणी करून फाटकावर उभे राहणारे. आमच्यातला एक जण तर उघड म्हणायचा, 'बॅरिस्टर होते म्हणून कायद्याला भ्याले.' मी त्याला कधी उत्तर दिले नाही, कारण मलाही आतून तसेच वाटे. ते का चूक होते हे कळायला मला स्वतःला एक मनाईहुकूम लागू व्हावा लागला. पण ती हकिकत थोड्या वेळाने.

आधी हे पाहू, की त्या साडेतीन हजारांनी २७ डिसेंबरला तळ्यात ओंजळ घातली असती, तर कायद्याने काय झाले असते. दोन वाटा होत्या. पहिली १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेची. मनाईहुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करावी, आणि शिवाय त्याला दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवावे, असा अधिकार हुकूम देणाऱ्या न्यायालयालाच होता. जप्ती वर्षभर चाले, तरीही हुकूम मोडणे थांबले नाही तर माल विकून त्यातून भरपाई द्यायची. एकोणीसशे सत्तावीस सालच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महारवाड्यातली मालमत्ता म्हणजे काय? दोन भांडी, एखादी शेळी, वतनाचा तुकडा. तीन हजार घरांवर बेलीफ फिरला असता तर काय उरले असते, याचा हिशेब पुढाऱ्याने करायचा नाही तर कोणी करायचा?

तरीही या वाटेवर एक सोय होती, आणि ती महत्त्वाची आहे. अशा हुकुमावर अपील होत असे. महाडच्या न्यायाधीशाने कोणाला आत घातले तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाकडे दाद मागता येई. म्हणजे दुसरा माणूस, ज्याचा हुकूम मोडला गेला नव्हता असा माणूस, कागद पाहणार होता.

दुसरी वाट बेअदबीची. १९२६ साली हिंदुस्थान सरकारने न्यायालयाच्या बेअदबीचा कायदा केला. महाडची परिषद भरली तेव्हा तो जेमतेम पावणेदोन वर्षांचा होता. खालच्या न्यायालयाच्या बेअदबीबद्दलही उच्च न्यायालयाने शिक्षा द्यावी, शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही यांहून अधिक नसावी, एवढे त्याने ठरवले. पण अपिलाबद्दल तो मूग गिळून बसला. उच्च न्यायालयाने बेअदबीची शिक्षा दिली की तिच्यावर हक्काने अपील करण्याची जागाच नव्हती.

मोठ्या माणसांनाही ती नव्हती. कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना १८८३ साली आपल्या 'बेंगाली' पत्रातील मजकुराबद्दल तिथल्या उच्च न्यायालयाने दोन महिन्यांची कैद दिली. पाच न्यायाधीशांपैकी रमेशचंद्र मित्र यांना कैद मान्य नव्हती, दंड पुरेसा वाटत होता, पण बहुमत पडले ते कैदेच्या बाजूने. सुरेंद्रनाथ विलायतेला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तिथेही त्यांना अपिलाची परवानगी मिळाली नाही. उच्च न्यायालय हे स्वयंभू अभिलेख न्यायालय, आपल्या अब्रूचा निवाडा त्याने स्वतःच करावा, असा तो विचार होता. प्रिव्ही कौन्सिलचे हे मन पालटलेले स्पष्ट दिसले ते १९३६ साली. त्रिनिदाद बेटावरच्या एका संपादकाने दोन खटल्यांतल्या शिक्षांची तुलना करून लेख लिहिला म्हणून त्याला पंचवीस पौंड दंड झाला होता. तो कौन्सिलने रद्द केला आणि अशा अपिलात लक्ष घालण्याचा आपला अधिकार बजावून सांगितला. त्या बेटावर ऊसमळ्यांत राबायला गेलेली आपल्या देशातली माणसे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मनाईहुकुमाचे शस्त्र सर्वांत अधिक परजले ते मात्र अमेरिकेतल्या मालकांनी, आणि ते आमच्या बिरादरीवरच. १८९४ साली पुलमन कंपनीच्या संपात रेल्वे कामगारांचे पुढारी युजीन डेब्ज यांच्यावर मनाईहुकूम बजावण्यात आला. संप थांबला नाही. डेब्ज यांना सहा महिन्यांची कैद झाली आणि १८९५ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती कायम केली. ज्यूरी नाही, नेहमीचा फौजदारी खटला नाही, एक हुकूम आणि तो मोडल्याची शिक्षा. पुढे सॅम्युएल गॉम्पर्स यांची पाळी आली. स्टोव्ह करणाऱ्या एका कंपनीचा माल घेऊ नका, अशी यादी त्यांच्या संघटनेच्या मासिकात छापली जाई. न्यायालयाने मनाई केली, तरी विषय सुटला नाही. गॉम्पर्स यांना एक वर्ष, त्यांच्या दोन सहकाऱ्यांना नऊ आणि सहा महिने, अशी शिक्षा खालच्या न्यायालयाने फर्मावली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली. कारण ऐकण्यासारखे आहे. हुकूम पाळायला लावण्यासाठी केलेली सक्ती ही एक गोष्ट, आणि हुकूम मोडला म्हणून ठरावीक मुदतीची शिक्षा ही दुसरी. पहिली वादी-प्रतिवादींच्या दाव्यात करता येते, दुसरीसाठी आरोपीला आरोपीचे सगळे संरक्षण द्यावे लागते. खालच्या न्यायालयाने दाव्याच्या पोटात शिक्षा बसवली होती. गॉम्पर्स अखेर एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत.

१९४७ सालचा कोळसा कामगारांचा खटला यापेक्षाही बोलका. जॉन लुईस आणि त्यांची खाण कामगार संघटना यांनी संप न करण्याचा हुकूम मोडला. लुईस यांना दहा हजार डॉलर दंड झाला आणि संघटनेला पस्तीस लाख डॉलर. सर्वोच्च न्यायालयाने लुईस यांचा दंड राहू दिला. संघटनेचा दंड मात्र भारी ठरवून सात लाखांवर आणला, आणि उरलेले अठ्ठावीस लाख हुकूम पाळला नाही तरच द्यावे लागतील असे म्हटले. म्हणजे दोष कायम ठेवूनही शिक्षेचे माप वेगळे तपासले. वरच्या न्यायालयाने काय करायचे असते याचा हा नमुना मला फार आवडतो. निकाल आमच्या बाजूचा नाही हे ठाऊक असूनही आवडतो.

आता माझी हकिकत. तीसेक वर्षे झाली. खाडीकाठच्या एका कारखान्यात बोनसवरून तंटा चालला होता. व्यवस्थापनाने तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला, की फाटकापासून शंभर मीटरच्या आत सभा नाही, घोषणा नाहीत, जमाव नाही. बेलिफाने हुकूम रात्री फाटकावर डकवला. इंग्रजीत. श्रावणातल्या सरीने सकाळपर्यंत त्याचा लगदा झाला. पहिल्या पाळीला मी नेहमीसारखा उभा राहिलो आणि बोललो. मला हुकूम ठाऊक होता. वकिलाने आदल्या संध्याकाळी निरोप दिला होता. खोटे कशाला बोलू? मी जाणूनबुजून बोललो. माझ्याबरोबर दोघे कार्यकर्ते होते, त्यांनाही ठाऊक होते. आणखी दोघे मात्र नुसते पाळी संपवून बाहेर पडले होते आणि ऐकत थांबले होते. फोटोत पाचही जण आले.

पाचही जणांना पंधरा दिवसांची दिवाणी कैद झाली. वकिलाने अपील केले. स्थगिती मिळेपर्यंत चार दिवस गेले होते. त्या दोघांपैकी एकाची बायको दिवस भरलेली होती. तिच्या सासूने तुरुंगाच्या दारात मला विचारले, "दादा, तुम्ही बोललात, माझा पोरगा का आत?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. अपिलाच्या न्यायालयाने जे केले ते सरळ होते. त्या दोघांना हुकुमाची माहिती होती असा पुरावा कागदावर कोठेच नाही, आणि माहिती नसेल तर मोडणे नाही, म्हणून त्यांची शिक्षा साफ रद्द. आम्हा तिघांचा दोष कायम, पण शिक्षा भोगलेल्या दिवसांइतकी. यासाठी आम्ही माफीनामा लिहून दिला होता. तो लिहिताना माझा हात जड झाला हे कबूल करतो. युनियनमध्ये त्यावरून कुजबूज झाली, एक मित्र कायमचा दुरावला. महाडचे कागद मी मुळातून वाचायला काढले ते त्या महिन्यात.

तेव्हा कळले, की शिक्षा झेलणारा पुढारी आणि शिक्षा झेलायला लावणारा पुढारी यांत अंतर असते. महाडला हुकूम सगळ्या समाजावर होता. तळ्यावर गेलेला प्रत्येक जण हुकूम मोडणारा ठरला असता, त्याने कागद पाहिलेला असो वा नसो.

याच्या बरोबर उलट निर्णय घेतलेला माणूसही मोठाच होता. अमेरिकेत बर्मिंगहॅम शहरी १९६३ च्या एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर मिरवणूक न काढण्याचा मनाईहुकूम बजावला गेला, तोही दुसऱ्या बाजूला न ऐकता. गुड फ्रायडे दोन दिवसांवर होता. किंग आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले. शिक्षा पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६७ च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम झाली. बहुमताचे म्हणणे असे, की हुकूम चुकीचा असेल तर आधी न्यायालयात जाऊन तो उठवायचा होता. मोडल्यानंतर तो चूक होता असे म्हणण्याची सोय नाही. गंमत अशी, की ज्या परवान्याच्या कायद्यावर तो हुकूम उभा होता, तोच कायदा ज्या तऱ्हेने राबवला गेला ती घटनाविरोधी असल्याचे त्याच न्यायालयाने १९६९ साली ठरवले. तोवर किंग पाच दिवस भोगून आले होते आणि १९६८ साली त्यांचा खूनही झाला होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे मतही याच बाजूचे आहे. मुंबईतल्या एका इमारतीच्या दाव्यात १९९७ साली त्याने सांगितले, की हुकूम देणाऱ्या न्यायालयाला तो दावा चालवण्याचा अधिकारच नव्हता असे पुढे ठरले, तरी हुकूम उभा असतानाच्या काळात तो मोडणारा शिक्षेस पात्र राहतो. आणि हा नियम सरकारलाही लागू. बिहार सरकारने राणी सोनाबती कुमारी यांच्या दाव्यातला मनाईहुकूम मोडला, तेव्हा सरकारच्याच मालमत्तेवर आलेली जप्ती १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. हा निकाल मी कार्यकर्त्यांच्या प्रत्येक शिबिरात सांगतो. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात.

अपिलाच्या हक्काचे काय झाले ते आता सांगतो. स्वातंत्र्य आले, घटना आली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना बेअदबीची शिक्षा देण्याचा अधिकार घटनेनेच दिला. १९५२ साली नवा कायदा झाला, पण अपिलाच्या बाबतीत तो आधीच्याच वाटेने गेला. विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालय ऐके, हक्काने नव्हे. त्या परवानगीचाही उपयोग होई. केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांनी न्यायसंस्था वर्गीय पक्षपात करते असे पत्रकारांपुढे म्हटले म्हणून त्यांना एक हजार रुपये दंड झाला होता. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने बेअदबी झाली असे म्हणूनही दंड पन्नास रुपयांवर आणला. दरम्यान १९६१ साली नेमलेल्या सन्याल समितीने १९६३ साली अहवाल दिला आणि अपिलाचा हक्क असावा असे सुचवले. आठ वर्षांनी ते कायद्यात उतरले. १९७१ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम म्हणजे ही वाट. एकट्या न्यायाधीशाने शिक्षा दिली तर त्याच उच्च न्यायालयाच्या किमान दोघांच्या पीठाकडे तीस दिवसांत, पीठाने दिली तर सर्वोच्च न्यायालयाकडे साठ दिवसांत, हक्काने अपील. अपील चालू असता शिक्षा थांबवता येते, जामीन देता येतो. हा कायदा अमलात आला तो २४ डिसेंबर १९७१ रोजी. पद्मावती बोट मुंबईहून सुटली त्याला त्या दिवशी बरोबर चव्वेचाळीस वर्षे झाली होती. योगायोग आहे, त्यात दुसरे काही नाही, पण माझ्या लक्षात राहिला खरा. दिवाणी संहितेतही १९७६ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची कमाल मुदत तीन महिन्यांवर आली, आणि अपील कायम राहिले. आमच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा कायद्यातही, न्यायालयाचा हुकूम न पाळणाऱ्यास तीन महिन्यांची कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ठेवताना, कामगार न्यायालयाच्या शिक्षेवर औद्योगिक न्यायालयात अपील ठेवले गेले.

इथे माझी एक तक्रार आहे, ती मी लपवत नाही. एकोणिसाव्या कलमाची वाट एकाच बाजूने उघडते. शिक्षा झालेल्याला हक्काने अपील आहे. पण हुकूम मोडला गेला, आम्ही उच्च न्यायालयात गेलो, आणि न्यायालय म्हणाले की यात बेअदबी दिसत नाही, तर आम्हाला या कलमाने अपील नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७४ साली ओरिसातल्या एका प्रकरणात म्हटले आणि १९८८ साली पुन्हा स्पष्ट केले. बेअदबी ही न्यायालय आणि मोडणारा यांच्यातली बाब, तक्रार करणारा केवळ खबर देणारा, असा त्यामागचा विचार. तर्क म्हणून मला तो समजतो. पण कामावर परत घ्या असा हुकूम हातात घेऊन फाटकाबाहेर दोन वर्षे बसलेल्या माणसाला तुम्ही नुसते खबऱ्या आहात असे सांगायला मला जमत नाही. त्याला घटनेच्या १३६ व्या कलमाखाली दिल्लीला विशेष परवानगी मागत जावे लागते. दिल्लीचे भाडे कोण देणार?

आणि जिथे वरचे न्यायालयच उरत नाही तिथे काय? २००६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे मंत्री सुरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव राहिलेले अशोक खोत यांना एकेक महिन्याची साधी कैद दिली. लाकूड कापण्याच्या गिरण्यांबद्दलचा न्यायालयाचा हुकूम डावलून परवानग्या दिल्या, हा दोष. मंत्र्याला तुरुंगात जावे लागले याचा आमच्या लोकांना आनंद झाला, पेढेही वाटले असतील. मी त्या दिवशी एवढेच म्हटले, की फाटकावर माझ्याबरोबर धरलेल्या त्या दोन पोरांना होती ती वरची पायरी या मंत्र्याला नव्हती. शिक्षा देणारे न्यायालयच शेवटचे होते. फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण तो त्याच दारात.

महाडकडे परत येऊन संपवतो. तो मनाईहुकूम फार दिवस जगला नाही. प्रतिवादींनी न्यायालयात जाऊन हरकत घेतली आणि २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो उठवला गेला. ज्या न्यायालयाने दिला त्यानेच. मूळ दावा मात्र चालतच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडला तो प्रतिवादींच्या बाजूने निकालात निघाला, ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याला अपील फेटाळले गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची चाल अनादिकालापासून आहे, हे वादींना शाबीत करता आले नाही. पहिल्यांदा पाणी प्याले त्याला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

पण त्या निकालात १४ डिसेंबरच्या हुकुमाबद्दल काही शोधायला जाल तर हाती लागणार नाही. तो हुकूम नऊ वर्षांपूर्वीच उठलेला होता. तो कोणी मोडला नव्हता, म्हणून कोणाला शिक्षा झाली नव्हती, आणि शिक्षा नव्हती म्हणून तिच्यावरचे अपीलही नव्हते. दोन दिवसांत, हजारो माणसांवर, त्यांपैकी बहुतेकांना न ऐकता दिलेला तो हुकूम मुळात द्यायला हवा होता की नाही, हा प्रश्न कुठल्याच वरच्या न्यायालयापुढे कधी गेला नाही.